गाणारीची मालमत्ता : बेंगळूर नागरत्नम्मा यांच्या वारशाचे विवेचन

बिली हॉलिडे 17 जुलै 1959 रोजी न्यूयॉर्कच्या रुग्णालयात वारली, तेव्हा तिच्या बँकखात्यात 70 सेंट शिल्लक होते. जॅझमधली सर्वांत मोठी गायिका कोण, असा वाद निघाला की तिचे नाव पहिल्या दोन-तीनांत येतेच. तिच्या आधीची बेसी स्मिथ 1937 मध्ये मोटार अपघातात गेली. अंत्ययात्रेला हजारो माणसे लोटली, पण थडग्यावर नावाचा दगड बसायला 1970 साल उजाडले, आणि तोही जॅनिस जॉपलिन या तरुण गायिकेने पैसे घातले म्हणून. बेसीच्या तबकड्या लाखांनी खपल्या होत्या. तिला मिळे ती दर गाण्यामागे ठरलेली रक्कम. खपावर हक्क नव्हता.

या दोघींच्या शेजारी बेंगळूरची एक गायिका ठेवून पाहावी, एवढाच या विवेचनाचा हेतू. नागरत्नम्मांनी (1878–1952) जॅझचा एक सूरही ऐकला असेल असे नाही. त्यांचे गाणे कर्नाटक संगीताचे, भाषा संस्कृत, तेलुगू, कन्नड. साम्य गाण्यात नाही, गाणारीच्या जागेत आहे. ज्या समाजात जन्म झाला त्या समाजाचे गाणे सगळे ऐकतात, पण पंक्तीला कोणी घेत नाही. आवाज बाजारात विकला जातो, आणि कुठे गायचे, काय गायचे याची परवानगी दुसऱ्याच्या हातात असते. अशा जागेवरून गाणाऱ्या बाईच्या मागे काय उरते? आवाज, हे सोपे उत्तर झाले. नागरत्नम्मांचे उदाहरण त्या उत्तरापाशी थांबू देत नाही.

पेटेपासून तंजावरपर्यंत

आधी थोडा भूगोल पाहावा लागेल, आणि तो मराठी वाचकाला जवळचा आहे. केंपेगौडांनी 1537 मध्ये वसवलेल्या बेंगळूरच्या पेटेत दोन मुख्य रस्ते एकमेकांना छेदत. एक दोड्डपेट, म्हणजे आजचा अव्हेन्यू रोड, दुसरा चिकपेट. आज तिथे रेशमी साड्यांच्या दुकानांतून वाट काढत चालावे लागते. नामदेव शिंपी, भावसार अशा घरांमुळे या जुन्या पेटांत मराठीही कानावर पडते. 1638 मध्ये विजापूरच्या फौजांनी हे शहर घेतले आणि ते जहागीर म्हणून शहाजीराजांकडे आले. त्यांचा गौरीमहाल चिकपेटच्या परिसरात होता असे सांगतात; आज दाखवायला त्यातले काही उरलेले नाही. शहाजीराजांनंतर ही जहागीर व्यंकोजीराजांकडे गेली. 1675च्या सुमारास त्यांनी तंजावर घेतले, तेव्हा दूरचे बेंगळूर सांभाळणे अवघड झाले. म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांशी 3 लाख रुपयांचा सौदा ठरत असतानाच 1687 मध्ये मुघलांनी शहर काबीज केले, आणि अखेर त्यांच्याकडून ते वोडेयरांच्या हाती आले.

म्हणजे ज्या पेटेतून भोसल्यांची एक शाखा निघाली, तिचेच पुढे तंजावरला राज्य झाले. त्या राज्याच्या सांस्कृतिक व्यवहाराची एक गोष्ट मराठीत पुरेशी बोलली जात नाही : राजे मराठी, प्रजा तमिळ, आणि दरबारी काव्याची व संगीताची भाषा बव्हंशी तेलुगू. प्रतापसिंह भोसल्यांच्या कारकिर्दीत (1739–1763) या दरबारात मुद्दुपळनी नावाची एक गणिका-कवयित्री होती. तिचे ‘राधिका सांत्वनमु’ हे तेलुगू शृंगारकाव्य आणि बेंगळूरच्या नागरत्नम्मा यांची गाठ 150 वर्षांनी पडायची होती.

शिक्षण

नागरत्नम्मांचा जन्म 3 नोव्हेंबर 1878 रोजी म्हैसूरजवळच्या नंजनगुडला झाला. आई पुट्टलक्ष्मी देवदासी परंपरेतली. वडील सुब्बराव वकील होते. त्यांनी मायलेकींना वाऱ्यावर सोडले. आई मुलीला घेऊन म्हैसूरला आली आणि दरबारातले पंडित गिरिभट्ट तिम्मय्या यांच्या आश्रयाने राहिली. तिथे मुलीला संस्कृत आणि संगीत मिळाले. पुढे पंडितांचे बिनसले आणि तो आश्रय तुटला, तेव्हा पुट्टलक्ष्मीने लेकीला विदुषी केल्याखेरीज म्हैसूरला परतायचे नाही असा पण केला, अशी कथा आहे. कथा सजवलेली असेल, पण तिचा गाभा खरा वाटतो. या घरात मालमत्ता म्हणून फक्त विद्या होती, आणि आईला ते ठाऊक होते. मुलगी वयात येते न येते तोच आई वारली. तोवर तिला गाण्याबरोबर काव्य आणि शास्त्र वाचता येत होते, आणि पुढच्या सगळ्या गोष्टी या वाचनावर उभ्या आहेत.

बेंगळुरात त्यांना मुनुस्वामप्पा गुरू लाभले. ते कर्नाटक संगीतातले थोर रचनाकार त्यागराज यांच्या वालाजापेट शिष्यशाखेतले. म्हैसूर दरबारात गाणे झाले, नाव झाले, आणि म्हैसूरच्या न्यायमूर्ती नरहरिराव यांचा आश्रय मिळाला. पुढे त्या मद्रासला स्थायिक झाल्या. कर्नाटक संगीताची बाजारपेठ तेव्हा दरबारांतून मद्रासच्या सभांकडे सरकत होती. हे स्थलांतर भावनेचे नव्हे, व्यवसायाचे होते. गाव सुटले तरी ते नावापुढे राहिले. पेशेवर गायिकांच्या नावात गाव हीच ओळख असे, कारण बापाचे नाव लावायची सोय नसे. आपल्याकडच्या केरकर, कुर्डीकर, मालपेकर याच रीतीच्या.

एक पुस्तक, एक बंदी

नागरत्नम्मांच्या आयुष्यातला सर्वांत धाडसी व्यवहार गाण्याचा नव्हता, संपादनाचा होता. ‘राधिका सांत्वनमु’ची एक छापील प्रत त्यांच्या हाती आली. त्यात काही पदे गाळलेली होती. पण मला अधिक बोलका वाटतो तो दुसरा वगळलेला भाग : मुद्दुपळनीने ज्यात आपली आजी, आत्या अशा बायकांच्या अंगाने आपले कूळ सांगितले आणि आपल्या विद्वत्तेचा व मिळालेल्या मानसन्मानांचा उल्लेख केला, ती प्रस्तावनेची पदेच छापणाऱ्याने काढून टाकली होती. शृंगार अश्लील म्हणून गाळला असे म्हणता येईल. कवयित्रीचा परिचय कोणत्या कारणाने गाळला?

नागरत्नम्मांनी हस्तलिखित मिळवले, प्रती ताडून पाहिल्या आणि 1910 मध्ये मद्रासच्या वाविळ्ळ रामस्वामी शास्त्रुलु अँड सन्स यांच्याकडून पूर्ण संहिता प्रसिद्ध केली. ती एका बाईने, तेही आपल्याच परंपरेतल्या बाईने लिहिली आहे, हे संपादनाचे एक कारण म्हणून त्यांनी प्रस्तावनेत सांगितले. आंध्रातले थोर सुधारक कंदुकूरि वीरेशलिंगम यांनी मुद्दुपळनीची व्यभिचारिणी म्हणून संभावना केली होती आणि बायकांनी ऐकू नये असा मजकूर तिच्या काव्यात आहे असे म्हटले होते. नागरत्नम्मांचा प्रतिवाद थोडक्यात असा : लाज फक्त बाईलाच लागू आहे काय? पुरुष कवींनी याहून उघडे लिहिले ते चालते, आणि खुद्द वीरेशलिंगमांनी तसले ग्रंथ तपासून दिले आहेत, ते कसे?

विधवाविवाहासाठी झगडलेल्या या सुधारकाला एका गणिकेने सुसंगतीचा धडा द्यावा, हा प्रसंग मराठी वाचकाला अनोळखी वाटू नये. आपल्याकडच्या सुधारणेच्या इतिहासातही कुलीन घरातल्या स्त्रीचे दुःख दिसते. गाणाऱ्या बाईची बुद्धी दिसत नाही. ती सुधारणेचा विषय असते, सुधारणेच्या चर्चेतला पक्ष नसते.

सरकारने 1911 मध्ये पुस्तक अश्लील ठरवले आणि प्रती जप्त झाल्या. पंडितांनी अर्ज केले, प्रकाशकाने प्रयत्न केले, पण बंदी टिकली. मद्रास प्रांतात टी. प्रकाशम यांचे मंत्रिमंडळ आल्यावर ती उठण्याचा मार्ग मोकळा झाला. 1947 मध्ये ती उठली आणि 1952 मध्ये, म्हणजे नागरत्नम्मा गेल्या त्याच साली, नवी आवृत्ती निघाली.

याच 1947 मध्ये न्यूयॉर्कमध्ये बिली हॉलिडेला अमली पदार्थांच्या खटल्यात शिक्षा झाली आणि तिचे कॅबरे कार्ड गेले. मद्य मिळते अशा ठिकाणी गायचे तर पोलिसांचे हे कार्ड लागे. त्याशिवाय क्लबात गाता येईना. 27 मार्च 1948 रोजी कार्नेगी हॉल तिच्यासाठी खच्चून भरला, कारण तिथे दारू विकली जात नव्हती. त्याआधी, 1939 मध्ये, काळ्या माणसांना झाडांना लटकवून मारण्याविषयीचे ‘स्ट्रेंज फ्रूट’ मुद्रित करायला तिच्या नेहमीच्या कोलंबिया कंपनीने नकार दिला आणि ते कमोडोर या छोट्या कंपनीने काढले. पुस्तकावरची बंदी आणि गायिकेचे कार्ड या दोन्ही ठिकाणी बोट आवाजावर नाही. मैफल हवी, बाईचे म्हणणे नको, असा हा व्यवहार आहे. फरक इतकाच की हॉलिडेचा उदरनिर्वाह त्या कार्डावर होता. नागरत्नम्मांचा पुस्तकावर नव्हता. त्यामुळे त्या 36 वर्षे थांबू शकल्या.

द्रव्य

थांबू शकल्या याचे कारण त्यांचा हिशेब. 1905 ते 1934 या काळात 146 गावांत 1,235 कार्यक्रम, अशी मोजणी त्यांच्याच नोंदींवरून दिली जाते. मद्रासमध्ये प्राप्तिकर भरणाऱ्या पहिल्या स्त्री-कलावंतांत त्यांचे नाव घेतात. ही माहिती चरित्रकार सहसा कौतुकाच्या सुरात सांगतात. मला ती सगळ्या विवेचनाची कळ वाटते. जी बाई आपला प्रत्येक कार्यक्रम वहीत उतरवते, तिला आपल्या श्रमाची किंमत ठाऊक असते. दागिने, रोकड, घर हे सर्व त्यांच्या स्वतःच्या नावावर होते. देवदासी परंपरेत स्त्रीला मालमत्ता धारण करण्याचा आणि ती लेकींकडे, भाच्यांकडे देण्याचा रिवाज होता. त्याच काळातल्या ब्राह्मण किंवा मराठा घरातल्या लेकी-सुनांना तो हक्क नव्हता.

येथे एक अडचण मान्य केली पाहिजे. हीच परंपरा लहान मुलींना देवाला वाहत होती आणि त्यांच्या आयुष्याचा निर्णय त्यांना न विचारता करत होती. म्हैसूर संस्थानाने 1909 मध्येच सरकारी देवळांतली ही प्रथा बंद केली. 1927 नंतर मद्रास विधिमंडळात डॉ. मुत्तुलक्ष्मी रेड्डी यांनी प्रथाबंदीचा प्रश्न लावून धरला, तेव्हा मद्रासच्या देवदासींनी संघटना काढून विरोध केला. अध्यक्ष होत्या नागरत्नम्मा. मुत्तुलक्ष्मींची स्वतःची आई याच परंपरेतली होती, त्यामुळे ही लढाई बाहेरची विरुद्ध आतली अशी नव्हती. माझे मत स्पष्ट आहे : मुली वाहण्याची प्रथा जायलाच हवी होती आणि त्या मुद्द्यावर नागरत्नम्मांची बाजू लंगडी होती. पण प्रथेसोबत त्या बायकांच्या जमिनी, कला आणि अब्रू यांचे काय होणार, हा त्यांचा प्रश्न रास्त होता, आणि कायद्याने त्याचे उत्तर अर्धेच दिले. 1929च्या दुरुस्तीने इनाम जमिनी सेवेच्या अटीतून मोकळ्या झाल्या. कलेचे काय, यावर कायदा गप्प होता. कला मग दुसऱ्यांनी उचलली. भरतनाट्यम अभिजन मुलींनी शिकले, आणि ज्यांच्या घरातून ते आले त्या बायका मंचावरून दिसेनाशा झाल्या. मद्रासचा प्रथाबंदी कायदा आला तोही 1947 मध्येच.

समाधी

त्यागराज 6 जानेवारी 1847 रोजी तिरुवय्यारूला कावेरीकाठी समाधिस्थ झाले. हे गावही तंजावरच्या मराठ्यांच्या राज्यातले, आणि सरफोजीराजांचे बोलावणे त्यागराजांनी नाकारल्याची आख्यायिका दक्षिणेत मुलामुलांना पाठ असते. 1903 मध्ये उमैयाळपुरमच्या शिष्यांनी समाधीचा जीर्णोद्धार केला. पुढे तिच्यावर पुन्हा झाडोरा माजला. ही अवस्था नागरत्नम्मांना कळली. त्यांनी जागा मिळवली, 27 ऑक्टोबर 1921 रोजी पाया घातला आणि 7 जानेवारी 1925 रोजी मंदिराचा कुंभाभिषेक झाला. खर्च स्वतःच्या कमाईचा. आयुष्यभराची जोड आणि दागिने त्यात गेले.

मंदिर त्यांचे, पण त्यातल्या उत्सवात गायला त्यांनाच परवानगी नाही! त्यागराजांच्या आराधनेचे तेव्हा पुरुष गायकांचे दोन पक्ष होते, पेरिय कट्चि आणि चिन्न कट्चि, म्हणजे थोरला आणि धाकटा. दोघांत भांडण इतके की उत्सवही वेगळे. एका गोष्टीवर मात्र एकमत होते : बायकांनी गायचे नाही. नागरत्नम्मांनी वाद घातला, अर्ज केले, आणि ते साधेना तेव्हा 1927च्या सुमारास बायकांचा स्वतंत्र उत्सव सुरू केला. हा तिसरा पक्ष झाला, पेण कट्चि. गायिका मद्रास, म्हैसूर, आंध्रातून आल्या, बहुतेक देवदासी घराण्यांतल्या. मंदिराची जमीन ज्यांच्या नावावर, त्यांना मागच्या बाजूला मांडव घालून गाण्यापासून कोण अडवणार? हा अधिकार भक्तीतून आलेला नव्हता, खरेदीखतातून आलेला होता. अखेर 1941 मध्ये तिन्ही पक्ष एका सभेखाली आले आणि बायका मुख्य उत्सवात गाऊ लागल्या. आज पुष्य वद्य पंचमीला तिरुवय्यारूला शेकडो गायक-गायिका एकत्र पंचरत्न कृती म्हणतात. दूरदर्शनवर ते दृश्य ज्यांनी पाहिले आहे त्यांनी पुढच्या रांगांतल्या बायकाही पाहिल्या असतील.

नागरत्नम्मा हरिकथाही करत. हा प्रकार आपल्याला परका नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रामचंद्रबुवा मोरगावकरांसारख्या कीर्तनकारांनी मराठी कीर्तन तंजावरला नेले, तंजावर कृष्ण भागवतरांनी त्याला कर्नाटक संगीताची जोड दिली, आणि साकी, दिंडी, ओवी, अभंग ही वृत्ते तमिळ कथाकालक्षेपात रुळली. मुद्दुपळनीचा आश्रयदाता मराठी, समाधीचे गाव एके काळी मराठ्यांच्या राज्यातले, कथेचा साचा मराठी कीर्तनाचा. नागरत्नम्मांना मराठी येत होते की नाही याने या नात्यात काही फरक पडत नाही.

मग वारसा कशाला म्हणायचे?

गायिकेचा वारसा आवाजात असतो या समजाला बळ देणारे सर्वांत मोठे उदाहरण मराठी मुलखातलेच. गोव्याच्या केरी गावच्या कलावंत घराण्यातल्या केसरबाई केरकरांची भैरवी 1977 मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीवर गेली. त्याच तबकडीवर लुई आर्मस्ट्राँगच्या वाद्यवृंदाचे ‘मेलन्कोली ब्लूज’ आहे. केसरबाई ध्वनिमुद्रणाबाबत अत्यंत चोखंदळ होत्या; थोडेच गाणे मुद्रित झाले आणि त्यातले एक ताऱ्यांकडे निघाले. बिली हॉलिडेच्या बाबतीतही आवाज मुद्रिकांवर राहिला. पण मुद्रिकेचा मालक कंपनी असते. हॉलिडेचा आवाज तिच्या मृत्यूनंतर जगभर विकला गेला आणि पुढेही विकला जात राहिला. ती गेली तेव्हा तिच्या खात्यावर काय होते ते वर आलेच आहे.

नागरत्नम्मांचे स्मरण आज त्यांच्या गायनाच्या मुद्रणांवर चालत नाही. त्यांचे गाणे कसे होते हे समकालीनांच्या वर्णनातून कळते : भरदार आवाज, शब्दांचा अर्थ सांभाळून गाणे, विद्वत्तेचा दाब. उरले आहे ते एक पुस्तक, एक जमीन, एक देऊळ आणि बायकांचा गाण्याचा हक्क. यातली एकही गोष्ट स्वरात मोजता येत नाही, आणि प्रत्येकीला कायद्याच्या कागदाचा आधार आहे. गायिका म्हणून त्या एम. एस. सुब्बुलक्ष्मींच्या पंक्तीला बसतील की नाही, यावर रसिकांनी खुशाल वाद घालावा. मात्र पुढच्या गायिकांची वाट मोकळी करणाऱ्यांत त्यांच्या तोडीचे नाव दक्षिणेत मला दिसत नाही.

या वारशालाही उणे आहे. आराधनेत बायका गाऊ लागल्या, पण ज्या घरांतल्या बायकांनी तो हक्क मिळवला त्या घरांतल्या गायिका पुढच्या पिढीत तिथे विरळ झाल्या. सभ्यतेचे दार उघडले आणि उघडणारीच्या जातभगिनी बाहेर राहिल्या. शिवाय नागरत्नम्मांची स्मृती त्यागराजभक्त म्हणूनच जपली जाते. समाधीची गोष्ट हरिकथेत येते, ‘राधिका सांत्वनमु’ची येत नाही. भक्तीने शृंगाराला झाकले. खरे तर दोन्ही कामांमागे एकच वृत्ती होती : गाळलेले परत जागेवर बसवणे.

नागरत्नम्मा 19 मे 1952 रोजी वारल्या. आपली मालमत्ता त्यांनी मृत्युपत्राने समाधीच्या कामासाठी ठेवली होती, आणि त्यांचीही समाधी तिरुवय्यारूला त्यागराजांच्या समोर बांधली आहे. तंजावरच्या मराठी राज्याचे इतिहास आपल्याकडे लिहिले जातात; त्यांत सरस्वती महाल, सरफोजीराजे आणि बृहदीश्वराच्या भिंतीवरचा मराठी शिलालेख येतो. प्रतापसिंहांच्या प्रकरणात मुद्दुपळनीचे नाव यायला हवे, आणि तिचा ग्रंथ पुरता छापणाऱ्या बेंगळूरच्या बाईचेही. तेलुगू आणि मराठी या दोन्ही भाषा येणारी माणसे बेंगळूरच्या पेटांत आणि तंजावरात आजही आहेत. ते काव्य, त्याच्या गाळलेल्या प्रस्तावनेसह, मुळातून मराठीत आणण्याचे काम त्यांच्यापैकी कोणी हाती घ्यावे.